तेरा नंबरचं डाळिंब

३ ऑक्टोबर

फळं आली. सकाळी लॅबचं दार उघडलं तर लांब टेबलावर पेट्या मांडलेल्या आणि त्यांच्यामागे नवी उभी, तोंडी परीक्षेला आल्यासारखी. नवी म्हणजे आमच्या फळ संशोधन केंद्रात नवे वाण तयार करणारी बाई. तिला येऊन बरीच वर्षं झाली, पण तिच्यानंतर कुणाची भरतीच झाली नाही, म्हणून ती अजून नवीच.

यंदा डाळिंबाच्या सहा वाणांची तुलना. साल किती जाड, दाणा किती भरतो, रस किती निघतो, साखर, आम्ल, क जीवनसत्त्व, रंग देणारी आणि तुरटपणा देणारी द्रव्यं, सगळं मोजायचं. आणि मग चव. चवीचं यंत्र अजून निघालेलं नाही, त्यामुळे चवीला मी. फुशारकी नाही ही. साहेबांनीच एकदा पाहुण्यांना सांगितलं होतं, "या बाईंची जीभ म्हणजे आमचं सगळ्यात महाग यंत्र."

शेवटी एकाच वाणाची शिफारस होणार आणि रोपवाटिका त्याचीच कलमं बांधणार. माझं मत लपून नाही. सगळे ज्याला नुसतं 'जुना' म्हणतात तो गोड, मऊ बियांचा वाण मला पसंत आहे. नवीचा तेरा नंबर. केंद्रात आल्यापासून तिनं त्या तेरा नंबरशिवाय दुसरं काही केलेलं नाही. दाणा काळपट लाल, दिसायला देखणा, यात वाद नाही.

"मॅडम, यंदा तेराकडे जरा नीट बघा हं."

"मी सगळ्यांकडे नीटच बघते. तुझ्याकडेही बघतेय. केसांना तेल जास्त झालंय."

तिचा चेहरा उतरला. हल्ली लोकांना साधं बोललेलंही लागतं.

डोकं ठणकतंय. पेट्या उचलायला नको होत्या.

६ ऑक्टोबर

पहिली चाखणी झाली आणि मी हादरले आहे. यंदा फळाला चवच नाही!

एकाही वाणाला नाही. गोड आहे, आंबट आहे, पण चव? ती म्हणजे दाणा दाताखाली फुटला की घशामागून वर चढते ती. ती कुठे गेली? साखरपाणी पिऊन उठल्यासारखं वाटलं. जुन्यात निदान गोडी तरी होती. तेरा नंबर म्हणजे निव्वळ तुरट पाणी, वर बी कडक. मी त्याला नऊपैकी तीन गुण दिले आणि शेरा लिहिला: 'शिफारशीच्या लायक नाही.'

मग बाकीच्यांचे कागद पाहिले. चाखणाऱ्या मंडळात माझ्याशिवाय सातजण आहेत, बहुतेक जुनेजाणते. सगळ्यांनी तेराला सात, आठ, एकानं तर नऊ दिले होते! शेरे बघा: 'फुलासारखा वास', 'तोंडात रेंगाळतो', 'पिकलेल्या बोरांची आठवण'. बोरं! मी हसले. मोठ्यानं हसले असणार, कारण सगळ्यांनी वळून पाहिलं.

नवीनं प्रत्येकाला आधी जाऊन गाठलं असणार. दुसरा काही अर्थ निघत नाही. मी तिला तसं सरळ विचारलं, सगळ्यांदेखत. ती पिशवी उचलून गेली.

८ ऑक्टोबर

घरी आले तर ओट्यावर गॅसची शेगडी नाही. तिच्या जागी विजेची, काचेच्या तबकडीसारखी. ह्यांनी मला न विचारता बसवून घेतली. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघर ह्यांच्या ताब्यात आहे, म्हणून काय वाटेल ते करायचं?

"गळत होता गॅस," हे म्हणाले.

"कधी?"

"मंगळवारी. तू तिथेच बसली होतीस. पेपर वाचत."

"मग मला कसा नाही आला वास?"

ह्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "खिडकी उघडी असेल."

साठी उलटली की माणसाला कसलेही वास येतात. मी वाद घातला नाही. पण हे फ्रिजही सारखा उघडून बघत असतात, डबे हुंगतात, दूध हुंगतात. परवा मी चांगला ताजा भात वाढून घेतला, तर माझ्यासमोरून ताट उचलून नेलं. म्हणाले, "हा नको, दुसरा करतो." माणूस विक्षिप्त होत चाललाय. लेकीला सांगायला हवं.

१० ऑक्टोबर

पृथक्करणाचे आकडे आले. रंगद्रव्यांत आणि तुरट द्रव्यांत तेरा नंबर जुन्याच्या जवळपास दुप्पट. क जीवनसत्त्वात किंचित वर. साखर थोडी कमी, पण आम्लाशी तिचा मेळ चांगला. म्हणजे पोषणात तेरा पहिला, निर्विवाद. नवीनं आकड्यांचा कागद माझ्या टेबलावर ठेवला. औषधाची बाटली ठेवावी तसा.

मान्य. पण औषध म्हणून लोक दुकानातून गोळ्या आणतील, डाळिंब कशाला सोलतील? माणूस फळ खातो ते चवीसाठी. हेच मी बैठकीत बोलले. साहेब म्हणाले, "बाई, सातजणांना चव आवडली आहे."

मी म्हटलं, "साहेब, सातजणांना तुमचे रंगवलेले केसही आवडतात."

कुणीही हसलं नाही. साहेब तर पांढरेच पडले. मला वाटलं होतं हसतील. विनोदच होता.

संध्याकाळी लेकीचा फोन. मी ह्यांच्याबद्दल सांगायला लागले तर मध्येच म्हणाली, "आई, बाबांचं जाऊ दे. तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरली आहे?"

"माझ्या सासूबाईंना काय म्हणालीस तू परवा फोनवर?"

आठवेना. खरंच आठवेना. तिनं सांगितलं ते मी इथे लिहीत नाही. असं मी म्हणणार नाही कधी. ऐकण्यात चूक झाली असेल.

१५ ऑक्टोबर

युक्ती सुचली. फेरचाखणी घ्यायची, पण सापळा लावून. रस गाळून सारख्या पेल्यांत ओतायचा, खोलीत लाल दिवा, म्हणजे रंग कळणार नाही. पेल्यांवर नुसत्या खुणा. आणि सहा रसांबरोबर सातवा पेला बनावट: पाणी, साखर, लिंबूसत्त्व आणि दाटपणाला थोडा बीटाचा रस. डाळिंबाचा त्यात थेंब नाही. ज्याची जीभ खरी तो बनावट पेला ओळखेल. जे नवीच्या पढवणीवर चालले आहेत ते फसतील.

खुणा मी घालणार नाही, नाहीतर म्हणतील मॅडमना माहीत होतं. ते काम भांडारपालाकडे दिलं. तो चाखत नाही, त्याला मधुमेह आहे.

साहेबांनी परवानगी दिली. माझ्याकडे न बघता.

नवी म्हणाली, "चालेल मॅडम. मलाही हेच हवं होतं." तिच्या आवाजात भीती नव्हती. मला तेच खटकलं.

१८ ऑक्टोबर

अक्षर बघा कसं येतंय.

जसं झालं तसंच लिहिते. सकाळी चाखणी. लाल दिव्यात सगळ्यांचे चेहरे सारखे. मी पहिला पेला घेतला, दुसरा, तिसरा. तिसऱ्याला थांबले. गोड, स्वच्छ, जिभेवर कुठे ओरखडा नाही. जुना! मनात म्हटलं, वा, आणि आठ गुण दिले. पाचवा पेला तोंडात घेतला आणि गाल आत ओढले गेले. नुसता तुरट, पोकळ, मागे काही नाही. हाच बनावट. तुरटी घातली असणार भांडारपालानं आगाऊपणानं. मी त्यावर ठळक फुली मारली आणि लिहिलं, 'हे डाळिंब नव्हे.'

सगळे बाहेर आले. साहेबांनी भांडारपालाला यादी वाचायला सांगितली.

पाचवा पेला तेरा नंबर.

तिसरा बनावट.

आठ गुण! मी बीटाच्या पाण्याला आठ गुण दिले होते. बाकी सातही जणांनी तो पेला ओठाला लावून खाली ठेवला होता. पाणी देणारी बाई सुद्धा म्हणाली, "अहो, त्याला लांबूनच मातीचा वास येत होता." बीटाचा मातकट वास! तो मीच घातला होता, मीच ढवळला होता, आणि मला आला नव्हता. ढवळतानाही आला नव्हता. तेव्हा मनात आलंसुद्धा नाही की हा यायला हवा.

मी वाट बघत होते की आता कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. नवीनं खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बसा मॅडम." मी तिला म्हटलं, "हे तू केलंस." ती म्हणाली, "हो हो, मी केलं, पण आधी बसा."

१९ ऑक्टोबर

सुट्टी टाकली. हे बाजारात गेल्यावर स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्या उघडल्या. कॉफी. काही नाही. लसूण ठेचला. काही नाही. व्हिनेगर नाकाखाली धरलं तर झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं. आनंदानं ओरडलेच मी! नाक जिवंत आहे! मग साबण, अत्तर, ह्यांचा घामेजलेला सदरा. ज्या माणसाबरोबर अख्खा संसार केला त्याचा सदरा तोंडावर दाबून बसले आणि तो नुसता कापूस होता.

हे परतले तेव्हा मी अशीच खाली बसलेली, भोवती झाकणं पसरलेली. त्यांनी पिशवी ठेवली आणि माझ्याजवळ फरशीवर बसले. गुडघा दुखतो त्यांचा, तरी बसले.

"मला वास येत नाहीये," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"कधीपासून माहीत आहे?"

"उन्हाळ्यापासून. दूध करपून धूर झाला होता आणि तू शेजारी उभी राहून गाणं गुणगुणत होतीस."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं तुला कळलंय आणि तू लपवतेस. नोकरी आहे तुझी ती. विचारलं असतं तर तू..." ते थांबले.

"मी काय?"

"अगं, हल्ली तुला काही विचारायचं म्हणजे अंगावर येतेस."

मी? ह्यांच्या अंगावर? हे असं म्हणतील, आणि तेही एवढ्या हळू आवाजात, याची मला कल्पनाच नव्हती.

२४ ऑक्टोबर

नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात पाहिलं, नाक स्वच्छ. व्हिनेगर झोंबल्याचं मी अभिमानानं सांगितलं. ते म्हणाले, "झोंबणं वेगळ्या नसेचं काम आहे. वासाची नस वेगळी." मग डोक्याचा स्कॅन करायला पाठवलं.

आज मेंदूच्या सर्जनबाईंनी पडद्यावर चित्र दाखवलं. कपाळामागे, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध वर, एक गोल पांढरी गाठ. मला वाटलं चित्र दुसऱ्याच कुणाचं आहे. मी कोपऱ्यातलं नाव वाचलं. माझं होतं. पुन्हा वाचलं.

"मोठ्या लिंबाएवढी आहे," त्या म्हणाल्या. "बहुतेक साधी, कर्करोगाची नसावी. पण फार सावकाश वाढलेली, काही वर्षं तरी. वासाच्या नसा तिच्याखाली चेपल्या गेल्यात. काढावी लागेल."

मी विचारलं, "व्यास?" त्यांनी सांगितला. मी म्हटलं, "या मापाचं डाळिंब आम्ही प्रतवारीत बाद करतो." त्या ह्यांच्याकडे बघू लागल्या.

"स्वभावात काही फरक जाणवला का हल्ली? चिडचिड, तुटक बोलणं, भान न राहणं? ही जागा तशी असते."

मी म्हणाले, "छे! अजिबात नाही." त्याच क्षणी हे म्हणाले, "हो."

मग हे बोलत राहिले. लेकीच्या सासूबाई. शेजारच्या बाई, ज्यांचा नवरा वारला तेव्हा मी त्यांना म्हणे विचारलं की आता खोली भाड्यानं देणार का. साहेबांचं त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. माझ्या वाढदिवसाला लेक आली होती आणि मी तिला म्हटलं होतं, लवकर निघ, मला झोपायचंय. हे एकेक सांगत होते, तक्रार म्हणून नाही. रोग्याची लक्षणं सांगावीत तसं. आणि मी ऐकत होते, कुणीतरी परकी बाई आमच्या घरात येऊन राहून गेली असावी तसं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "हे सगळं मी केलं?"

"गाठीनं केलं," हे म्हणाले.

मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलंय.

२९ ऑक्टोबर

साहेबांना फोन केला. माझे यंदाचे सगळे गुण रद्द करा आणि चव मंडळाचं काम माझ्याशिवाय चालवा, असं सांगितलं. केसांबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "बाई, तुम्ही बऱ्या व्हा. केस गेले उडत." दोघंही हसलो.

नवीला फोन करायला धजले नाही. दोनदा नंबर लावला आणि ठेवून दिला.

उद्या भरती व्हायचंय. लेक आली आहे. तिच्या डोक्यावर हात फिरवला. लहानपणी तिच्या केसांना एक वास यायचा, दुधाचा आणि उन्हाचा. तो आठवून बघितला. आठवतो. नाकात येत नाही, पण आठवतो. तेवढ्यात ती म्हणाली, "आई, काय शोधतेस?"

९ डिसेंबर

पुन्हा लिहिता येतंय, पण थोडंच. गाठ काढली, साधी निघाली. डोक्यावर टाक्यांची माळ, केस खुंटासारखे. आरशात बघून पहिल्यांदा किंचाळले.

सर्जनबाई म्हणाल्या, डोळे वाचले, बाकी सगळं वाचलं. वासाच्या नसा नाही वाचल्या. मी विचारलं, परत कधी येईल? त्या म्हणाल्या, "येणार नाही." मला वाटत होतं मी याला तयार आहे. मी मुळीच तयार नव्हते. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, दुपारचं जेवण तसंच परत गेलं.

सगळे म्हणतात मी शांत झाले आहे. काल शेजारच्या बाईंना बोलावून त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

२१ डिसेंबर

आज नवी आली. हातात कागदी पिशवी. ह्यांनी तिला माझ्या खोलीत आणून सोडलं आणि कॉफी करायला गेले.

ती खुर्चीच्या टोकावर बसली. मी वाक्य घोकून ठेवलं होतं. म्हटलं, "मी तुला फार लागेल असं बोलले. सगळ्यांदेखत तुझ्यावर आळ घेतला. ती मी नव्हते, ती गाठ होती."

ती म्हणाली, "मॅडम, खरं सांगू?"

"सांग."

"तुम्ही पहिल्या दिवसापासून अशाच होतात."

मी उशी सरकवून ताठ बसले.

"मी रुजू झाले त्याच दिवशी तुम्ही माझं पहिलं फळ कापलंत आणि म्हणालात, हे ढोरांना घाला. तेव्हा कुठली गाठ? आणि असली तरी केवढी असेल? मी घरी जाऊन रडायचे. रोज."

स्कॅन पाहिला तेव्हा बसला नव्हता तेवढा धक्का मला या वाक्यानं बसला. ह्यांनी दिलेलं ते एक वाक्य मी दोन महिने उशाशी घेऊन झोपले होते. ते तिनं शांतपणे काढून घेतलं.

"मग गेली का नाहीस सोडून?" मी विचारलं.

"कारण तुमचं बरोबर असायचं! रडून झालं की मी पुन्हा ते फळ खायचे, आणि ते खरंच ढोरांना घालायच्या लायकीचं असायचं. तेरा नंबर झाला तो त्यातनंच. यंदा पहिल्यांदा तुमचं चुकलं. मला राग नाही आला मॅडम, मी घाबरले. म्हटलं यांना काहीतरी झालंय. साहेबांना मीच सांगितलं, फेरचाखणी होऊ द्या."

दाराबाहेर कपबश्यांचा आवाज थांबला होता. हे ऐकत होते.

शिफारशीचं विचारायचा धीर होत नव्हता. तिनंच सांगितलं. तेरा नंबर ठरला. पोषणात पहिला, चवीत जुन्याच्या पाठोपाठ. साहेबांनी सही केली.

मग पिशवीतून तिनं फळ काढलं. सालीला सुरीनं चिरा दिल्या, हातानं उकललं, पांढरा पापुद्रा सोलला आणि दाणे बशीत पाडले. काळपट लाल, तकतकीत. मी चमचाभर तोंडात टाकले. गोड. आंबट. तुरट. आणि मागे ते पोकळ, जे आता कायमचं. मी सावकाश चावत राहिले.

"बी कडक आहे," मी म्हणाले.

तिनं मान खाली घातली. "मला वाटलंच होतं. बाकी कुणी बोललं नाही."

"बोलणार कसे? सुवासावर भुलले सगळे. पोरंटोरं थुंकून टाकतील हे. पुढच्या पिढीत मऊ बियांच्या वाणाशी संकर कर, रंग थोडा गेला तरी चालेल."

"हो मॅडम." तिनं डोळे पुसले, पण ती हसत होती.

बशी मी तिच्या पुढे केली. "आता तू खा. आणि कसा लागतो ते मला सांग."

तिनं दाणे तोंडात टाकले. "छान आहे. फुलासारखा."

"कुठल्या फुलासारखा?"

"म्हणजे... गोडसर."

"गोडसर हा वास असतो का? गोड मलाही कळतं. घाई करू नकोस. तोंड मीट, हळू चाव, नाकातून श्वास सोड. आधी काय येतं, मागून काय येतं, ते नीट सांग."

नवीनं डोळे मिटले आणि पुन्हा चावायला सुरुवात केली.